कचरा आपला, मग कायदा कुणावर? वाचकांची पत्रं आणि उत्तरं

गेल्या अंकात याच पानावर मी लिहिलं होतं की कचरा खरंच कमी करायचा असेल तर कायद्याने आपल्या डब्याजवळ नाही, कारखान्याच्या फाटकाशी उभं राहायला पाहिजे, म्हणजे ज्याने वस्तू बनवली त्यानेच ती परत घ्यायची सोय करायची, दुरुस्त होईल अशी बनवायची, आणि तिचं पुढे काय होतं त्याचा खर्चही उचलायचा. त्यावर खूप पत्रं आली, मेसेज आले, काही जण रागावलेतही. सगळी इथे मावणार नाहीत म्हणून फक्त नागपूरची काही घेतलीत. बऱ्याच जणांनी नाव नको म्हटलं, म्हणून कुणाचंच नाव छापलेलं नाही, फक्त राहायचा भाग दिलाय.

मानेवाड्याहून एक ताई लिहितात: नमस्कार ताई. दोन वर्षं झाली, मी ओला कचरा वेगळा आन् सुका वेगळा ठेवून राहिली. सासूबाईंना आधी पटत नव्हतं, त्यांनाही सवय लावली. आता गाडी येते तर तो पोरगा दोन्ही डबे एकाच ठिकाणी उलटे करते. विचारलं तर म्हणते, काकू, तिकडे जाऊन एकच होते. मग हा कायदा काय फक्त घरातल्या बायांसाठीच आहे का?

ताई, तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस आमच्याच गल्लीतल्या गाडीच्या मागे मागे चालले, खरंच. गाडीत मधे पत्र्याचं पार्टिशन होतं ते वाकून एका बाजूला पडलेलं, त्यामुळे त्या पोराने वेगळं टाकायचं ठरवलं तरी दहा घरांनंतर सगळं एकमेकांत येणारच. पण गाडीच्या मागच्या दांडीला एक पोतं लटकवलेलं होतं आणि त्यात तो पाण्याच्या बाटल्या, पुठ्ठे, औषधाचे खोके असं वेचून टाकत होता, चालत्या गाडीवरच, एका हाताने. संध्याकाळी ते कबाड्याकडे जातं आणि त्याचे थोडे पैसे त्याला मिळतात. म्हणजे वेगळं करायचं काम होत होतं, फक्त ते पगारात धरलेलं नव्हतं आणि गाडीतही त्याला जागा नव्हती. तुम्ही ज्या घरून पुठ्ठा कोरडा देता ना, तो त्या पोत्यात जातो, आणि ज्या घरून वरणात भिजलेला येतो तो कबाडी हातातही घेत नाही. म्हणून तुमची दोन वर्षं वाया गेलेली नाहीत, हे आधी सांगते.

आता कायद्याचं. १९९६ मध्ये अल्मित्रा पटेल नावाच्या बंगळूरच्या बाईंनी सुप्रीम कोर्टात याचिका टाकली, शहरांचा कचरा गावाबाहेर उघड्यावर पडतो म्हणून, आणि त्यातूनच २००० साली शहरांच्या कचऱ्यासाठी पहिले नियम आले. मग २०१६ चे आले, त्यात घरीच तीन भाग करा असं सांगितलं, ओला, सुका आणि घरातला घातक कचरा. आता २०२६ चे नवे नियम आलेत, १ एप्रिल २०२६ पासून लागू, त्यात चार भाग आहेत : ओला, सुका, सॅनिटरी (पॅड, डायपर) आणि चौथा बल्ब, बॅटरी, रंगाचे डबे, जुनी औषधं असा जपून हाताळायचा. म्हणजे प्रत्येक वेळी आपल्या घरातले डबे वाढत गेले. गाडी वेगळी नेते की नाही याची जबाबदारीही नियमात होतीच, २०१६ पासून आहे, पण ती मोडली तर कुणाच्या खिशाला काय लागतं हे कधी टोचलंच नाही कुणाला. नव्या नियमांत एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते, की न निवडलेला कचरा भरावाच्या जागी, म्हणजे कचरा पुरायच्या मैदानावर, नेऊन टाकला तर शहराच्या यंत्रणेला जास्त शुल्क पडणार आहे. एकत्र करणं महाग पडायला लागलं तरच ते थांबेल.

तुम्ही काय करायचं? एक साधा कागद लिहा. माहितीचा अधिकार, २००५ चा कायदा, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यात एवढंच विचारा की आमच्या भागातल्या कचरा उचलण्याच्या कंत्राटात पैसे एकूण वजनावर मिळतात का, आणि वेगळा आणलेल्या कचऱ्याचा वेगळा दर आहे का. जिथे नुसत्या वजनावर पैसे मिळतात तिथे ओला-सुका एकत्र होणार, वर मातीही येणार, कारण जितकं जड तितकं बिल. त्या पोराला कितीही समजावलं तरी कंत्राटातली ती एक ओळ बदलल्याशिवाय काही होत नाही. उत्तर आलं की मला पाठवा, मला खरंच बघायचंय.

गोकुळपेठेतून एक कॉलेजचा मुलगा: सर्क्युलर इकॉनॉमी हा शब्द आजकाल सगळीकडे ऐकतो. आमची आजी म्हणते हे तर आम्ही नेहमीच करत आलो. मग यात नवीन काय, आणि यासाठी कायदा कशाला?

सर्क्युलर इकॉनॉमी म्हणजे वस्तू फेकून न देता तिचा माल फिरून फिरून वापरात ठेवायचा. आजीचं बरोबर आहे. जुन्या लुगड्याची गोधडी, गोधडी विरली की पायपुसणं, आणि शेवटी ते चुलीत. कपड्यांवर भांडी देणाऱ्या बायका अजूनही आमच्या गल्लीत येतात. पण आजीच्या घरातली प्रत्येक वस्तू कापूस, लाकूड, माती, पितळ अशी एका जिनसाची होती, ती मोडली तरी तिचं काहीतरी होत होतं. आता वेफर्सचं पाकीट घे, आतून चंदेरी असतं ते, त्यात प्लास्टिकचे आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की ते सोडवणं परवडत नाही. आजीने कितीही काटकसर केली तरी त्या पाकिटाचं ती काही करू शकत नाही, ते बनवताना ज्याने ठरवलं तोच करू शकतो. कायदा लागतो तो त्याच्यासाठी. जर्मनीने असा कायदा १९९६ मध्ये लागू केला, जपानने २००० मध्ये केला, चीनचा २००९ पासून लागू आहे. सगळ्यांत क्रम एकच, आधी कचरा होऊच देऊ नका, मग वस्तू पुन्हा वापरा, मग गाळून-वितळवून नवीन बनवा, आणि पुरणं अगदी शेवटी.

पण उदाहरण बघायला लांब कशाला जायचं, आपल्या नागपुरातच आहे आणि आपल्याच लोकांना माहीत नाही याचं मला वाईट वाटतं. आपल्या मोरीतलं, संडासातलं पाणी वाहत जाऊन भांडेवाडीला शुद्ध होतं आणि तिथून पाइपने कोराडीच्या वीज केंद्राला जातं, रोजचं जवळपास १३ कोटी लिटर. करार झाला २००८ मध्ये. वीज केंद्राला थंड करायला पाणी लागतंच, ते पेंच धरणाचं गोडं पाणी घेण्याऐवजी आपलं वापरलेलं पाणी घेतं, आणि त्याचे पैसे देतं. नंतर २०१६ मध्ये केंद्र सरकारच्या वीजदर धोरणात आलं की सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत असलेल्या औष्णिक वीज केंद्राने हेच पाणी वापरलं पाहिजे. म्हणजे आधी एका गावाने करून दाखवलं, मग देशाचा नियम झाला. आजीला सांग हे, तिला आवडेल.

इतवारीतून एक दुकानदार दादा: तीस वर्षांपासून किराण्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक हात हलवत येते अन् पन्नी मागते, नाही दिली तर बाजूच्या दुकानात जाते. दिली तर पथक येऊन पाच हजाराची पावती फाडते. माझ्याच दुकानात समोर शाम्पूच्या, गुटक्याच्या नाही पण सुपारीच्या, वेफर्सच्या पुड्यांच्या माळा लटकून आहे, त्या कंपन्यांना कोणी विचारत नाही. कायदा गरिबालाच दिसते काय?

दादा, या सगळ्या पत्रांत तुमच्या पत्राने मला सगळ्यात जास्त त्रास दिला, कारण तुमचा राग निम्मा तरी अगदी खरा आहे. उरलेला निम्मा आधी सांगते.

पन्नीवर, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पिशवीवर, कायदा उगाच आलेला नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, नाले तुंबले, आणि त्यानंतर २००६ मध्ये महाराष्ट्राने अविघटनशील, म्हणजे न कुजणाऱ्या, कचऱ्याचा कायदा केला. त्याच कायद्याखाली २३ मार्च २०१८ ची प्लास्टिक आणि थर्माकोलची बंदी आली, पहिल्या वेळी ५ हजार, दुसऱ्या वेळी १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. आपल्याकडे २०२३ च्या सप्टेंबरमध्ये अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचं पाणी रात्रीतून घराघरात शिरलं, तेव्हा पाणी उतरल्यावर मी पुलाच्या कठड्याला अडकलेलं बघितलंय. माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर पन्न्याच पन्न्या, काळ्या, चिखलाने भरलेल्या, एकात एक गुंतून दोरखंड झालेल्या. पाऊस पन्नीने पाडला नाही, पण पाण्याला जायची वाट पन्नी अडवते हे त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं.

आणि केंद्राने आधी ७५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि मग ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन जाडी का सक्तीची केली? पातळ पन्नी कुणी वेचत नाही दादा. एक किलो भरायला शेकडो उचलाव्या लागतात, ओल्या असल्या तर त्याही फुकट. जाड पिशवी जड भरते म्हणून वेचली जाते, आणि महाग पडते म्हणून दुकानदार ती फुकट देत नाही. आयर्लंडने २००२ मध्ये पिशवीवर १५ सेंटचा कर लावला, गिऱ्हाइकाकडूनच घ्यायचा, आणि पिशव्यांचा वापर ९० टक्क्यांहून जास्त उतरला. तिथे कुण्या एका दुकानदाराला वाईट व्हावं लागलं नाही, कारण बाजूच्या दुकानातही तेवढेच पैसे पडत होते. तुमच्या इतवारीच्या दुकानदारांनी एकत्र बसून ठरवलं की एका तारखेपासून पिशवीचे पैसे सगळेच घेणार, तर गिऱ्हाईक पळून जाणार कुठे?

आता तुमचा खरा निम्मा. त्या लटकणाऱ्या माळांसाठीही कायदा आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने नियम काढला की पॅकिंग बाजारात आणणाऱ्या कंपनीने तेवढं प्लास्टिक गोळा करून प्रक्रिया करवून घ्यायचं, त्याला उत्पादकाची विस्तारित जबाबदारी म्हणतात. बाटल्या-डब्यांसारख्या कडक प्लास्टिकमध्ये २०२५-२६ पासून ३० टक्के जुनं प्लास्टिक वापरायचं, २०२८-२९ पर्यंत ते ६० टक्क्यांवर न्यायचं. कागदावर हा चांगला कायदा आहे, मी त्याच्या बाजूने आहे. पण कंपनी स्वतः येऊन पुड्या गोळा करत नाही, ती प्रक्रिया करणाऱ्याकडून प्रमाणपत्र विकत घेते, की तुमच्या वाट्याचं एवढं टन झालं. २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळालाच यात लाखो खोटी प्रमाणपत्रं सापडली, काम झालंच नव्हतं आणि कागद विकले गेले होते. म्हणजे तुमच्यावरचा दंड त्याच दिवशी, दुकानात, सगळ्यांसमोर, आणि कंपनीचा हिशोब वर्षाच्या शेवटी, पोर्टलवर, टक्क्यांमध्ये. ही तफावत आहे आणि ती मला चुकीची वाटते. पथक जसं तुमच्या गल्ल्याशी येतं तसं त्या प्रक्रिया कारखान्यात न सांगता जायला पाहिजे, वजनकाट्यासकट, आणि खोटं सापडलं तर प्रमाणपत्र विकणाऱ्याइतकंच घेणाऱ्यालाही लागलं पाहिजे.

एक गोष्ट मात्र आपल्या गावाची म्हणून बोलते. आपला खर्रा. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत टाकून घोटतात, त्याच पन्नीत बांधून देतात, आणि खाऊन झालं की ती पन्नी जिथल्या तिथे पडते. २०१६ च्या प्लास्टिक नियमांतच लिहिलंय की गुटखा, तंबाखू, पानमसाला प्लास्टिकच्या पुडीत विकायचा नाही. सीताबर्डीच्या कुठल्याही नालीत वाकून बघा, सगळ्यात वर काय तरंगतं ते. त्यात कुठलीच मोठी कंपनी नाही दादा, ते आपलंच आहे.

त्रिमूर्तीनगरहून एक काका: दुधाच्या पिशवीचे ५० पैसे परत मिळणार असं २०१८ मध्ये वाचलं होतं. मी पिशव्या धुऊन ठेवल्या होत्या. त्याचं पुढे काय झालं?

काका, वाचलेलं बरोबर होतं. २०१८ च्या त्या अधिसूचनेतच दुधाच्या पिशवीवर परत घ्यायची किंमत छापायची अट होती, किमान ५० पैसे. माझ्या हातात तरी ते कधी पडले नाहीत. माझ्या मते त्यात तीन गोष्टी राहिल्या, रक्कम एवढी लहान की कुणी मागायला जात नाही, परत कुठे द्यायची ती जागा ठरलेली नाही, आणि दूधवाल्याने त्या सांभाळायच्या, तर त्याची मेहनत कोण देणार ते लिहिलेलं नाही. यातलं एक जरी राहिलं तर अनामतीची योजना चालत नाही, इथे तिन्ही राहिल्या.

चालते कशी ते तामिळनाडूत बघा. तिथे सरकारी दुकानातल्या दारूच्या बाटल्या निलगिरीच्या जंगलात फुटून पडत होत्या, जनावरांचे पाय चिरत होते. मद्रास हायकोर्टाने लक्ष घातलं, आणि २०२२ पासून बाटलीमागे १० रुपये जास्त घ्यायला लागले, बाटली परत आणली की १० रुपये परत. निलगिरीत चाललं म्हणून मग दुसऱ्या जिल्ह्यांत नेलं. जर्मनीत २००३ पासून एकदाच वापरायच्या बाटल्या-डब्यांवर अनामत आहे, आता ती २५ सेंट आहे, दुकानात मशीन असतं, बाटली टाकली की पावती येते. आणि आपण तर हे लहानपणी केलंय की, सोड्याच्या काचेच्या बाटल्या क्रेटमध्ये परत दिल्याशिवाय नवीन क्रेट मिळायचा नाही.

तुम्ही पिशव्या धुऊन ठेवता म्हणून एक छोटी गोष्ट सांगते. पिशवी कापताना कोपरा पूर्ण कापून टाकू नका, थोडा लटकलेला राहू द्या. ते नखाएवढं तिकोनी तुकडं मोरीतून वाहून जातं, कुणालाच वेचता येत नाही, आणि रोजच्या दोन पिशव्या धरल्या तर एका घरातून वर्षाचे ७३० तुकडे होतात. धुतलेल्या, कोरड्या पिशव्या कबाडी घेतो, आमचा तरी घेतो.

सीताबर्डीहून एक मोबाईल रिपेअरवाला भाऊ: नवीन फोनमध्ये बॅटरी गोंदाने चिकटवलेली येते, काढायला गेलं तर वाकते, फुगते, आग लागायची भीती. ओरिजिनल पार्ट आम्हाला देत नाही, बाहेरचा लावला तर स्क्रीनवर वॉर्निंग येते अन् गिऱ्हाईक आमच्यावर डाऊट घेते. सरकार राईट टू रिपेअर म्हणते, ते आमच्यासाठी आहे का कंपनीच्या सेंटरसाठी?

भाऊ, खरं सांगायचं तर आज आपल्याकडे तो, दुरुस्तीच्या हक्काचा, कायदा नाहीच, पोर्टल आहे. जुलै २०२२ मध्ये ग्राहक खात्याने समिती नेमली, २४ डिसेंबर २०२२ ला पोर्टल सुरू झालं, त्यावर कंपन्या दुरुस्तीची माहिती, सेंटरचे पत्ते टाकतात. तुमच्यासारख्याला पार्ट द्यायलाच पाहिजे अशी सक्ती त्यात नाही. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून फोन, लॅपटॉपसारख्या काही वस्तूंवर दुरुस्तीचे गुण छापायची सक्ती सुरू झाली, १० पैकी किती, म्हणजे घेणाऱ्याला दुकानातच कळतं की ही वस्तू उघडता येते की नाही, पार्ट मिळतात की नाही. युरोपने तर बॅटरीच्या कायद्यात लिहून ठेवलंय की १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा वस्तूंतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे, काही थोडे अपवाद सोडून. तुमच्या त्या गोंदाचं उत्तर तेच आहे.

आपले ई-कचऱ्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासूनचे आहेत, १०६ प्रकारच्या वस्तू त्यात येतात, आणि कंपनीला आधी ६० टक्के, मग ७०, मग ८० टक्के रिसायकल करवून दाखवायचंय. हे सगळं वस्तू मेल्यानंतरचं. फोन दोन वर्षं जास्त चालवणारा माणूस म्हणजे तुम्ही, त्या हिशोबात जवळपास दिसतच नाही. जुनी वस्तू दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांसाठी त्या नियमांत जागा आहे, पण त्यासाठी नोंदणी पाहिजे, आणि चार बाय सहाच्या टपरीत बसणाऱ्याला ती झेपेल अशी मला वाटत नाही. लहान कारागिरांसाठी वेगळी, सोपी नोंदणी हवी, ती झाली तर पार्ट मागायचा हक्कही तिच्यावर टेकवता येईल.

आणि हे सांगायची जागा आहे. पर्यावरण मंत्रालय नियम करताना आधी मसुदा राजपत्रात छापतं आणि हरकती-सूचनांना साधारण ६० दिवस देतं, मेलने पाठवल्या तरी चालतात. कंपन्यांचे वकील त्या ६० दिवसांत जाडजूड फाइली पाठवतात, सीताबर्डीतून एकही कागद जात नाही. तुमचं पत्र जसं मला लिहिलं तसंच्या तसं पाठवलं असतं तरी चाललं असतं, बॅटरी वाकते, फुगते, हे वकिलाला लिहिता येत नाही.

बेसा रोडवरून एका सोसायटीचे सेक्रेटरी: आम्हाला सांगतात मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा आतच जिरवायचा. किती मोठ्या?

२०२६ च्या नव्या नियमांत २० हजार चौरस मीटर किंवा जास्त बांधकाम, किंवा रोज ४० हजार लिटर पाणी, किंवा रोज १०० किलो कचरा, यातलं एक जरी लागू पडलं तरी तुम्ही मोठ्यांत. आठ दिवस रोजचा कचरा काट्यावर मोजा आणि लिहून ठेवा, तिथून सगळं सुरू होतं. बिल्डरने हौसेने बसवलेलं ते खताचं मशीन बंद पडून असेल तर ते आधी बघा, बहुतेक वेळा कोरडा पालापाचोळा न घातल्यामुळे आत चिखल होऊन त्याला वास येतो आणि मग लोक बंद करायला लावतात. पानं जाळू नका, त्यातच ती वापरा.

भांडेवाडीच्या कचरा डेपोच्या बाजूच्या वस्तीतून एक मुलगी, बारावी: माझी आई कचरा वेचते. मॅडम, तुमचा लेख मी तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, कंपनीनेच सगळं परत नेलं तर आपण काय वेचायचं? तिला काय सांगू?

बेटा, तुझ्या आईने जे विचारलं ते मी लेख लिहिताना विचारायला पाहिजे होतं, राहून गेलं.

आईला सांग की परत नेणारं कुणीतरी लागतंच. कंपनीचा साहेब काही गल्लीत उतरणार नाही. आज या देशात बाटली, पुठ्ठा, पत्रा, तार जी काही पुन्हा कारखान्यात जाते ती आधी तुझ्या आईसारखीच्या हातातून जाते. ती हात लावून सांगते की हे कडक, हे चिंधी, हे दूधपिशवीचं, हे कामाचं नाही, बोटाने चुरगाळून आवाजावरून ओळखतात त्या, मी बघितलंय. ही तिची विद्या आहे आणि कायद्याने तिचे पैसे द्यायला पाहिजेत. भीती खरी आहे ती अशी की नवीन कायदा आला, मोठं कंत्राट निघालं, फाटक लागलं, आणि आत जायला आईला बंदी. तसं झालंय, बऱ्याच शहरांत झालंय.

पण उलटंही झालंय. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, वेचणाऱ्या बायांचीच संघटना, आणि २००८ मध्ये त्यातून स्वच्छ नावाची सहकारी संस्था झाली. तिच्या मालक त्या बायाच. त्या घरोघर जाऊन वेगळा केलेला कचरा घेतात, घरटी महिन्याची ठरलेली रक्कम थेट त्यांना मिळते, आणि सुक्यातलं विकून आलेले पैसेही त्यांचेच. उकिरड्यावर वाकून वेचणं आणि दारात उभं राहून कोरडा कचरा हातात घेणं यात किती फरक आहे ते तुझ्या आईला मी सांगायला नको. २०१६ च्या नियमांतही शहरांना सांगितलेलं होतं की वेचणाऱ्यांच्या संघटना ओळखा आणि त्यांना या कामात घ्या. आपल्याकडे हेच मागायचं, ओळखपत्र, बसून निवडायला पत्र्याची शेड, पाणी, संडास, आणि कंपन्या जे प्रमाणपत्राचे पैसे मोजतात त्यातला वाटा जिने पिशवी उचलली तिच्यापर्यंत.

आत्ता लगेच करण्यासारखं एक आहे. केंद्राची नमस्ते योजना आहे, सफाई कामगारांची, तिच्यात २०२४ पासून कचरा वेचणाऱ्यांनाही घेतलंय. नाव नोंदलं की हातमोजे-बुटांचं किट आणि आयुष्मान कार्ड मिळायची सोय त्यात आहे. तुमच्या झोनच्या ऑफिसमध्ये जाऊन वेचणाऱ्यांची नोंदणी कधी आणि कुठे होते ते लेखी विचारायचं. वस्तीतल्या बाकी मावश्यांनाही विचार, दहा-बारा जणी एकदम गेल्या तर बरं, एकटीला उद्या या म्हणतात. आईचं आधार कार्ड आणि दोन फोटो काढून ठेव. मासिकाच्या पत्त्यावर तुझा नंबर कळव, अर्ज मी लिहून आणते आणि तुमच्यासोबत येते.